भुंगा वर दिसतो, घर खाली असते

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आदळले आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या परड्यातले अकरापैकी सात माड एका दुपारीत आडवे झाले. वादळापुढे कुणाचे काय चालणार, असे म्हणून आम्ही ते दुःख गिळले. पण पुढच्या तीन वर्षांत आणखी तीन माड गेले आणि ते वादळाने नेले नाहीत. कीड ओळखता न आल्यामुळे आणि परड्याच्या एका कोपऱ्याकडे न बघितल्यामुळे ते गेले. मी शिकले ते त्या तीन माडांच्या बदल्यात शिकले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

चूक कुठे झाली

वादळानंतर कित्येक दिवस गावात वीज नव्हती, रस्ते बंद होते. घरावर पत्रे चढवायचे की परडे आवरायचे, अशी सगळ्यांचीच गत. पडलेल्या माडांचे करवतीने तुकडे केले आणि ते ओंडके गोठ्यामागे उकिरड्याला लागून रचून ठेवले. पुढेमागे साकवाला, कुंपणाला किंवा चुलीला उपयोगी पडतील, हा विचार. त्या ओंडक्यांवरून तीन पावसाळे गेले.

२०२१ च्या पावसाच्या तोंडावर आम्ही बाणवली जातीची आठ रोपे लावली. खड्डे भरायला त्याच उकिरड्यातले शेण घेतले. ते पुरते कुजलेले नव्हते. हाताला चिकटत होते, वासही मारत होते. मला वाटले, जमिनीत गेले की कुजेल.

२०२२ च्या गणपतीत एका रोपाची नवी झावळी उमलली, ती कापलेली. लहानपणी आपण कागदाची घडी घालून कात्रीने तुकडे काढायचो आणि घडी उलगडली की दोन्हीकडे सारखी नक्षी दिसायची, अगदी तसे त्रिकोणी काप झावळीच्या दोन्ही बाजूंना होते. झावळी कोंबात मिटलेली असतानाच कुणीतरी तिच्यातून आरपार गेले होते. पण तेव्हा मला हे उमगले नाही. मी तो रोग समजले.

तालुक्याच्या एका दुकानात गेले. ‘माडाची पाने कापल्यासारखी होतात,’ एवढेच सांगितले. कीड कोणती, झाड केवढे, हे दुकानदाराने विचारले नाही आणि मीही पान सोबत नेले नव्हते. त्याने कीटकनाशकाची बाटली दिली, मी ते रोपांच्या पानांवर फवारले. भुंगा कोंबाच्या आत आणि औषध पानांच्या वर, मग उपयोग काय होणार? वर आणखी एक चूक झाली. पंपात उरलेले औषध वाया नको म्हणून मी ते भाजीच्या वाफ्यात चवळीवर मारले. त्या चुकीचे काय झाले, ते पुढे सांगते.

दिवाळीच्या सुमारास पहिल्या रोपाचा मधला कोंब सुकला. हलकेच ओढला तर तो सबंध हातात आला. बुडाशी कुजका, घाण वासाचा. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की माड गेला. डिसेंबरात दुसऱ्या रोपाचे तेच झाले.

कोंबातला आणि ओंडक्यातला

जानेवारीत नारळ पाडायला आमचा नेहमीचा पाडेली आला. मी त्याला उरलेली रोपे दाखवली. त्याने तिसऱ्या रोपापाशी बसून झावळीच्या बेचक्यात बोट घातले आणि मला जवळ बोलावले. बेचक्यात अंगठा जाईल एवढे भोक होते आणि भोकाच्या तोंडाशी चावून टाकलेला ओला चोथा. उसाच्या चिपाडासारखा, पण बारीक, अजून पांढरा. ‘चोथा ओला म्हणजे भुंगा आत आहे,’ तो म्हणाला. त्याने टोक वाकवलेली लोखंडी तार भोकात घातली, हळूहळू फिरवली आणि ओढली. तारेला अडकून एक काळा कुळकुळीत भुंगा बाहेर आला. दोन इंचांच्या आतबाहेर लांब, डोक्यावर मागे वळलेले शिंग, आणि धरला तर चीं चीं असा आवाज. हाच गेंड्या भुंगा.

मी म्हटले, ‘आता रोज तारेने बघत जाईन.’ त्यावर तो म्हणाला, ‘वैनी, भुंगा वर बघता, पण त्याचं घर खाली आहे. आधी ते मोडा.’ आणि त्याने गोठ्यामागे बोट केले.

त्याच दुपारी आम्ही ओंडक्यांचा ढीग मोडला. वरचे दोन ओंडके कोरडे होते. तिसऱ्याची साल पहारीने उचकटली तर आत लाकूड नव्हतेच, तपकिरी भुसा होता आणि त्या भुश्यात अंगठ्याएवढ्या जाड, पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या, अंगाचा अर्धगोल करून पडलेल्या अळ्या. एका ओंडक्यात वीस-पंचवीस. उकिरड्यातही हातभर खोल तशाच. ज्या उकिरड्यातले शेण मी रोपांच्या बुडाशी घातले, तोच भुंग्यांचा पाळणा होता.

त्या अळ्या भोके पाडलेल्या डब्यात घालून मी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात घेऊन गेले. तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी त्या वर्तमानपत्रावर ओतल्या आणि म्हणाले, ‘ताई, जरा वेळ नुसत्या बघा.’ बहुतेक अळ्या कुशीवर पडून वळवळत राहिल्या. दोन लहान अळ्या मात्र उलट्या झाल्या आणि पाय वर करून पाठीवरच सरसर सरकत कागदाच्या कडेला गेल्या. ‘या दोन खतातच राहू द्या,’ ते म्हणाले. ‘या फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. कुजलेला पाचोळा खातात, खत चांगले करतात. त्या झाडाची मुळे खात नाहीत.’ एकाच उकिरड्यातल्या, एकाच रंगाच्या अळ्या, पण एक वैरी आणि एक मदतनीस. सगळ्या किडी सारख्याच समजून मारत सुटणे किती चुकीचे, हे त्या कागदावर मी डोळ्यांनी पाहिले.

गेंड्याच्या मागून सोंड्या

तिसरा माड मोठा होता. सासऱ्यांनी लावलेला, सतरा वर्षांचा, वादळातून वाचलेल्या चारांपैकी एक. आदल्या वर्षी घरात लग्न होते. मांडवाला म्हणून त्याच्या हिरव्या झावळ्या आम्ही अगदी बुंध्यालगत तोडल्या होत्या. २०२३ च्या मार्चमध्ये त्याच्या खोडावर तपकिरी, चिकट रस ओघळलेला दिसला. खोडाला कान लावला तर आत कुरतडल्यासारखा आवाज. मे महिन्यात वारा नसताना त्याचा शेंडा मोडून अंगणात पडला. आत सगळे पोखरलेले, आंबलेले आणि माडाच्या धाग्यांचे गुंडाळलेले कोष. त्यातून निघाला तांबूस-तपकिरी, पुढे लांब सोंड असलेला भुंगा, सोंड्या.

या दोघांचा मेळ नीट समजून घ्या. गेंड्या स्वतः कोंब पोखरतो, पण त्याची अळी कुजक्या पदार्थात वाढते, जिवंत माडात नाही. सोंड्याचे उलटे. त्याची अळी माडाच्या आतच वाढते आणि आतून पोखरते. अंडी घालायला त्याला जखम लागते. ती कधी गेंड्या करून ठेवतो, कधी आपण कोयत्याने करतो. म्हणून गेंड्याला आवरले की सोंड्याची एक वाट बंद होते आणि कोयता जपून चालवला की दुसरी. हिरवी झावळी तोडावीच लागली तर निदान चार फूट देठ खोडाला ठेवून तोडा. चढायला खोडात खाचा पाडू नका. मांडवाला गळून पडलेल्या झावळ्या वापरा.

माडासाठी काय करावे

पहिले काम परड्याच्या कोपऱ्यात. मेलेला माड, कुजका ओंडका, जुना बुंधा परड्यात ठेवू नका. फाडून जाळा किंवा चुलीला लावा. उकिरडा दर दोन महिन्यांनी वरखाली करा. गेंड्याला अंड्यापासून भुंगा व्हायला चार महिन्यांहून जास्त काळ लागतो. दोन महिन्यांनी खत हलले तर एकही पिढी पुरी होत नाही. खत उपसताना कोंबड्या मोकळ्या सोडा, त्या अळ्या वेचून खातात. उकिरड्यात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळता येते. ती ओल्या खतात अळीच्या अंगावर वाढते, अळी कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवी पडते. ही बुरशी वापराल तेव्हा त्याच जागी बुरशीनाशक घालू नका.

दुसरे काम कोंबाशी. लहान रोपांच्या वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग भरावी, दर माडाला पाव किलो पेंड आणि तेवढीच वाळू. मे, सप्टेंबर आणि डिसेंबर अशी वर्षातून तीनदा. भुंगा बसायची जागाच त्याने भरून जाते. अगदी लहान रोपाला डांबराच्या तीन-चार गोळ्या बेचक्यात ठेवून वर वाळू टाकली तरी चालते, पण त्या दीड महिन्याने नव्या घालाव्या लागतात.

तिसरे काम भुंगा काढण्याचे. आठवड्यातून एकदा प्रत्येक बेचके बघा. ओला, पांढरा चोथा दिसला की तार घाला. चोथा सुकून काळा पडला असेल तर भुंगा बहुधा निघून गेला आहे. भुंगा काढल्यावर भोक पेंड-वाळूने बुजवा. मडक्यात एक किलो एरंडीची पेंड पाच लिटर पाण्यात भिजवून ठेवली तर तिच्या वासाने भुंगे येऊन पडतात. कामगंध सापळाही मिळतो, पण तो लहान रोपांपासून दूर लावा. वासाने आलेला भुंगा सापळ्यात पडण्याआधी शेजारच्या रोपावर बसला तर सापळा लावून आपणच त्याला बोलावल्यासारखे होईल.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. माडाला वर्षाकाठी बारा-चौदा झावळ्या येतात, म्हणजे महिन्याला साधारण एक. आज उमललेल्या झावळीवरचा काप हा मागच्या काही आठवड्यांतला, कधी महिन्यांतला असतो. नुकसान दिसते तेव्हा भुंगा पुढच्या झावळीत असतो किंवा दुसऱ्या माडावर. म्हणून झावळीचा काप मोजत बसू नका, चोथा शोधा.

भाजीच्या वाफ्यातले भुंगेरे

आता चवळीची गोष्ट. चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा होता आणि माव्यात काळसर, निमुळत्या, अंगावर पिवळे-नारिंगी डाग असलेल्या अळ्या भराभर चालत होत्या. मगरीच्या पिलासारखे अंग. मला त्याच कीड वाटल्या. पंपातले उरलेले औषध मारले, अळ्या पटापट गळून पडल्या आणि मला समाधान वाटले. आठवड्यात मावा दुप्पट झाला, शेंडे चिकट झाले, मुंग्यांच्या रांगा लागल्या. मी मारल्या त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. मावा हेच त्यांचे अन्न. मावा राहिला आणि त्याला खाणारे मात्र मी संपवले.

गोंधळ वाढतो तो वांग्यावर, कारण तिथला अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळातला आणि दिसायलाही तसाच. ओळखायची खूण अशी. ढालकिडा तुकतुकीत, पॉलिश केल्यासारखा. पान खाणारा भुंगेरा मळकट तांबूस आणि अंगावर बारीक लव असलेला. ढालकिड्याची अळी काळसर आणि चपळ. पान खाणाऱ्याची अळी पिवळी, सुस्त आणि अंगभर फांदीदार काट्यांची. पण सगळ्यात खरी साक्ष पान देते. वांग्याच्या पानाचा हिरवा भाग खरवडून जाळीदार शिरा उरल्या असतील तर तो शत्रू. पान शाबूत आणि त्यावर मावा असेल तर तो मित्र. पानाच्या पाठीला पिवळ्या, उभ्या अंड्यांचे पुंजके सापडले, तर आसपास मावा आहे का ते बघा आणि मगच चिरडा. कारण ढालकिड्याची अंडीही पिवळीच असतात.

काकडी, पडवळ, दोडका, भोपळा या वेलांचा वैरी तांबडा भुंगेरा. नारिंगी-तांबडा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. वेलाला दोनच पाने असतात तेव्हा तो सगळ्यात जास्त नुकसान करतो. चार दिवसांत रोप संपते. मोठ्या पानावर तो आधी गोल रिंगण कातरतो आणि मग रिंगणाच्या आतले खातो. अंडी वेलाच्या बुडाशी ओल्या मातीत घालतो आणि अळ्या मुळे खातात. म्हणजे इथेही भुंगा वर आणि घर खालीच. उपाय साधे आहेत. दोन-चार पाने होईपर्यंत रोपावर मच्छरदाणीचा तुकडा घाला. थंड सकाळी भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात झटका. ऊन चढले की ते हाताला लागत नाहीत. पानांवर चाळलेली राख भुरभुरा. वेल संपला की बुडाची माती उकरून उन्हात तापू द्या. कारल्यावर तो कमी येतो.

भेंडी, जास्वंद, झेंडू यांच्या फुलांवर काळ्या अंगावर नारिंगी पट्ट्यांचे भुंगेरे येतात, त्यांना काही भागांत हिंगे म्हणतात. ते उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. चिमटा किंवा हातमोजे वापरा, लहान मुलांना सांगून ठेवा. मात्र यांच्या अळ्या जमिनीतली टोळ-नाकतोड्यांची अंडी खातात. म्हणून फुले वाचतील एवढेच भुंगेरे काढा.

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर समजा, भिरूड लागली. भोक शोधा, तार घालून आतली अळी मारा, भोकात रॉकेलचा बोळा घाला आणि चिखलाने लिंपून टाका. भुसा पुन्हा पडला तर आत दुसरी अळी आहे.

देशावर, बागेत हिरवळ किंवा गुलाब लावणाऱ्यांना हुमणी छळते. तिचे भुंगेरे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. त्या तीन-चार रात्री फांद्या हलवून खाली चादरीवर पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. वर्षभराचा त्रास त्या चार रात्रींत कमी होतो, कारण हुमणीची पिढी वर्षाला एकच.

औषधाबद्दल

घरच्या बागेला मी आता निंबोळी अर्कच वापरते. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर फडक्यात बांधून भिजवायची, सकाळी पिळून गाळायची, थोडे साबणाचे पाणी घालायचे आणि संध्याकाळी फवारायचे. हा अर्क कोवळ्या अळ्यांवर चांगला चालतो. पाठ कडक झालेल्या भुंग्यावर त्याची फार आशा धरू नका, त्याला हातच लागतो.

आजही गावात कुणी जुनी आठवण ठेवून माडाच्या बेचक्यात फोरेट घालायला सांगतात, आंब्याच्या भोकात डायक्लोरव्हॉस सोडायला सांगतात. या दोन्हींवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. माडाखाली आपली मुले खेळतात, तोच नारळ आपण खातो. शिल्लक डबा कुणी दिला तरी घेऊ नका. दुसरे कुठले औषध घ्यावेच लागले तर डब्यावरचा रंगीत चौकोन बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. आणि दुकानात जाताना कीड डब्यात आणि पान पिशवीत घेऊन जा. नुसत्या वर्णनावर औषध घेऊ नका.

कुंपण भुंग्याला नसते

आमचा कोपरा साफ केल्यावरही २०२३ च्या पावसात मला दोन भुंगे सापडले. तेव्हा लक्षात आले की वादळातले ओंडके फक्त आमच्याकडे नव्हते. भुंगा रात्री उडतो, त्याला कुणाचे परडे ठाऊक नाही. मग मी बरणीत एक गेंड्या आणि दोन अळ्या घेऊन वाडीतल्या घराघरांत गेले. औषधाचे नाव कुणालाच सांगितले नाही, फक्त गोठ्यामागचा ढीग दाखवा म्हटले. पाच घरांत ओंडके निघाले, तीन घरांत अळ्या. त्या दिवाळीच्या आधी सगळ्यांनी मिळून ते फाडले आणि पाणी तापवायला जाळले.

उरलेली सहा रोपे आज छातीच्या वर गेली आहेत. दर रविवारी सकाळी मी तार घेऊन त्यांच्याजवळ जाते, पण त्याआधी गोठ्यामागे जाऊन उकिरड्यात फावडे घालते. हा क्रम मी मोडत नाही. तुम्हीही आज एवढेच करा. झाडाकडे जायच्या आधी परड्याचा तो कोपरा बघा, जिकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तिथला एखादा ओंडका पायाने उलथा आणि खाली काय आहे ते बघा.